अमेरिकेत मेडिकलला जायचंय? एमकॅटसाठी कॉलेजात बायोलॉजीचे कोर्स कसे निवडावेत

महाराष्ट्रात बारावी सायन्स करून आईवडिलांबरोबर अमेरिकेत आलेल्या मुलांना पहिली गोष्ट नीट समजून घ्यावी लागते: इथे बारावीनंतर थेट मेडिकल नाही. आधी चार वर्षांची पदवी, त्यात ठरावीक विषय, मग एमकॅट ही प्रवेश परीक्षा, मग अर्ज आणि मुलाखती, आणि त्यानंतर चार वर्षांचं मेडिकल स्कूल. नीटच्या वेळी काय वाचायचं ते ठरलेलं असतं. इथे कॉलेजचा कॅटलॉग उघडला की बायोलॉजीचेच कितीतरी कोर्स समोर येतात, आणि त्यातले कोणते घ्यायचे हे सगळं मिळून एका जागी सांगणारं कुणी नसतं.

मी या वाटेने जाऊन आता मेडिकल स्कूलमध्ये शिकते आहे. ओळखीतल्या मराठी घरांतून दर वर्षी ऑगस्टच्या सुमारास तेच प्रश्न येतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: कोर्सचं नाव बघून निवड करू नका, सिलॅबस बघून करा. आणि खूप कोर्स घेण्यापेक्षा नेमके कोर्स घेऊन त्यांत चांगले ग्रेड मिळवा.

आधी हे जमवून ठेवा

- एएएमसी (अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांची संघटना) या संस्थेने प्रसिद्ध केलेली एमकॅटची विषयसूची. एमकॅट हीच संस्था घेते. विषयसूची तिच्या संकेतस्थळावर फुकट मिळते.
- तुमच्या कॉलेजचा कोर्स कॅटलॉग, आणि ज्या कोर्सचा विचार करताय त्यांचे मागच्या एकदोन वर्षांचे सिलॅबस. ते सापडले नाहीत तर विभागाच्या ऑफिसला ईमेल करा. सहसा देतात.
- एमएसएआर, म्हणजे अमेरिकेतल्या एमडी कॉलेजांच्या (इथे एमडी ही डॉक्टरकीची पहिलीच पदवी) प्रवेश अटींचा एएएमसीचा डेटाबेस. याला पैसे पडतात, पण ते वाया जात नाहीत. एएएमसीची फी सवलत योजना मिळाली तर तो त्यातच येतो.
- आतापर्यंत शिकलेल्या प्रत्येक कॉलेजची ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे कोर्स आणि ग्रेड यांचं अधिकृत पत्रक.
- प्री-हेल्थ ॲडव्हायझरचं, म्हणजे मेडिकलला जाऊ इच्छिणाऱ्यांना कॉलेजात मार्गदर्शन करणाऱ्याचं, नाव आणि भेटीची वेळ.

शेवटच्या मुद्द्यावर एक सूचना. तुमच्या मेजरचा, म्हणजे पदवीच्या मुख्य विषयाचा, ॲडव्हायझर वेगळा आणि प्री-हेल्थ ॲडव्हायझर वेगळा. पहिला तुमची पदवी वेळेत पूर्ण होतेय की नाही ते बघतो. मेडिकलच्या अटी त्याला ठाऊक असतीलच असं नाही. दोघांनाही भेटा.

१. सगळ्यात आधी व्हिसाची बाजू तपासा

हे बायोलॉजीचं नाही, पण याच्याशिवाय पुढचं सगळं अधांतरी राहतं. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर हा टप्पा सोडून पुढे जा. एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) किंवा एच-४ (एच-१बी वर नोकरी करणाऱ्याच्या कुटुंबाचा व्हिसा) वर असाल तर पुष्कळ मेडिकल स्कूल्स तुमचा अर्जच घेत नाहीत, आणि घेणाऱ्यांपैकी काही जण फीची मोठी रक्कम आधीच बाजूला ठेवायला सांगतात. एच-४ वरच्या मुलांचा तो दर्जा एकविसाव्या वर्षी संपतो, तेही गणितात धरावं लागतं. एमएसएआरमध्ये परदेशी नागरिकांना घेणाऱ्या कॉलेजांची यादी काढता येते. ती घरच्यांबरोबर बसून पहिल्याच वर्षी बघा.

भारतात बी.एस्सी.चं एखादं वर्ष झालं असेल तर तेवढ्यावर भागत नाही. बहुतेक मेडिकल स्कूल्सना अमेरिकेतल्या किंवा कॅनडातल्या मान्यताप्राप्त कॉलेजात केलेले कोर्स लागतात. बारावीच्या बायोलॉजीला कॉलेज क्रेडिट मिळणार नाही असंच धरून चाला.

२. परीक्षा काय विचारते ते आकड्यांत बघा

सध्याच्या स्वरूपातली एमकॅट २०१५ पासून सुरू झाली. तिचे चार भाग आहेत. पहिल्यात केमिस्ट्री आणि फिजिक्स, दुसऱ्यात इंग्रजी उताऱ्यांवरचे प्रश्न, तिसऱ्यात बायोलॉजी आणि बायोकेमिस्ट्री, चौथ्यात सायकॉलॉजी आणि सोशिऑलॉजी. प्रत्येक भागाला ११८ ते १३२ गुण, एकूण ४७२ ते ५२८. नुसते प्रश्न सोडवायलाच सव्वासहा तास लागतात.

बायोलॉजीच्या भागात ५९ प्रश्न आणि ९५ मिनिटं. त्यातलं साधारण ६५ टक्के प्राथमिक बायोलॉजी, २५ टक्के पहिल्या सेमिस्टरची बायोकेमिस्ट्री, आणि जनरल व ऑर्गॅनिक केमिस्ट्री प्रत्येकी ५ टक्के. केमिस्ट्री-फिजिक्सच्या भागातही बायोकेमिस्ट्री २५ टक्के येते. म्हणजे हा एकच कोर्स दोन भागांत उपयोगी पडतो. कोर्सच्या यादीत त्याला पहिलं स्थान द्या असं मी म्हणते ते त्यामुळेच.

बायोलॉजीच्या भागाची दुसऱ्या बाजूनेही वाटणी दिलेली असते. सुमारे ५५ टक्के प्रश्न रेणूंवर, म्हणजे प्रथिनं, एन्झाइम, डीएनएपासून प्रथिनापर्यंतचा प्रवास, आनुवंशिकता आणि पेशीतली ऊर्जा. २० टक्के पेशी, जिवाणू, विषाणू आणि पेशीविभाजनावर. २५ टक्के शरीरातल्या संस्थांवर.

आता आपल्याकडची बारावी आठवा. निम्मं बॉटनी. नीटमध्येही बॉटनी आणि झूलॉजी मिळून बायोलॉजीचे ९० प्रश्न असतात. एमकॅटमध्ये वनस्पतिशास्त्र जवळजवळ नाहीच. प्रकाशसंश्लेषण, फुलांची रचना, प्राणी-वनस्पतींचं वर्गीकरण, परिसंस्था यांवर वेळ घालवायचा नाही. नीटची तयारी केलेल्या मुलांची पेशी आणि आनुवंशिकतेची बैठक पक्की असते, तिचा फायदा होतो. मात्र प्रश्नांची जात वेगळी आहे. ५९ पैकी ४४ प्रश्न उताऱ्यांवर असतात, आणि ते उतारे बहुधा एखाद्या प्रयोगाचं वर्णन, आलेख आणि तक्ते घेऊन येतात.

आणखी एक फरक लक्षात ठेवा. एमकॅटमध्ये चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

३. प्राथमिक बायोलॉजीची दोन सेमिस्टर, लॅबसकट

बहुतेक मेडिकल स्कूल्स एक वर्ष बायोलॉजी लॅबसह मागतात. सेमिस्टर पद्धतीत ते साधारण ८ क्रेडिट होतात, क्वार्टर पद्धतीत (वर्षात तीन मुख्य सत्रं) १२. काही कॉलेजांत लॅबची नोंदणी वेगळी करावी लागते. ती करायची राहिली तर ट्रान्सक्रिप्टवर लॅब दिसत नाही, तेव्हा नोंदणीच्या दिवशीच तपासा.

या दोन सेमिस्टरचा सिलॅबस उघडून विषयसूचीशेजारी ठेवा आणि आठवड्यागणिक खुणा करा. पहिल्या सेमिस्टरमध्ये सहसा पेशी, रेणू, आनुवंशिकता येतात. तो जवळपास सगळा एमकॅटचा आहे. दुसऱ्या सेमिस्टरची गोष्ट निराळी. पुष्कळ विद्यापीठांत त्यात उत्क्रांती, जीवविविधता, वनस्पती आणि परिसंस्था भरलेल्या असतात, आणि मानवी शरीरक्रियेला दोनतीन आठवडे मिळतात, कधी तेवढेही नाहीत. उत्क्रांतीतला नैसर्गिक निवडीचा थोडा भाग सोडला तर यातलं फारसं परीक्षेत नसतं. तरी हा कोर्स घ्यावाच लागतो, कारण प्रवेशाची अट आहे आणि पुढच्या कोर्सेसचं दारही तोच उघडतो. मात्र "बायोलॉजी १ आणि २ झालं, म्हणजे एमकॅटची बायोलॉजी झाली" असं मानू नका. शरीरसंस्थांचा २५ टक्के भाग तुमच्या कॉलेजात कुठे शिकवतात, ते वेगळं शोधावं लागतं.

ज्यांनी इथल्या हायस्कूलमध्ये एपी बायोलॉजी (शाळेतच घ्यायचा कॉलेज पातळीचा कोर्स) केलंय त्यांना कॉलेज हे कोर्स अनेकदा माफ करतं. मेडिकल स्कूल्स मात्र करतीलच असं नाही. काही एपी क्रेडिट मानत नाहीत, काही मानतात पण बदल्यात वरच्या पातळीचे कोर्स मागतात. एपीच्या जोरावर पुढे उडी मारली तर वरच्या पातळीचे लॅबसह दोन कोर्स तरी घ्या.

४. बायोकेमिस्ट्री: इथे सिलॅबस वाचल्याशिवाय नाव नोंदवू नका

परीक्षा "पहिल्या सेमिस्टरची बायोकेमिस्ट्री" म्हणते, पण प्रत्येक कॉलेजचं पहिलं सेमिस्टर सारखं नसतं. हा गोंधळ मी सर्वांत जास्त बघितलाय.

बऱ्याच ठिकाणी बायोकेमिस्ट्रीचे दोन पर्याय असतात. एक, एका सेमिस्टरमध्ये सगळा विषय उरकणारा कोर्स. दुसरा, मेजरच्या विद्यार्थ्यांसाठी दोन सेमिस्टरची मालिका. मालिकेच्या पहिल्या भागात अमिनो आम्लं, प्रथिनांची रचना, एन्झाइम, मेदपटल असं सावकाश शिकवतात आणि चयापचय दुसऱ्या भागावर ढकलतात. एमकॅटला मात्र ग्लायकोलिसिस, ग्लुकोनिओजेनेसिस, क्रेब्स चक्र, इलेक्ट्रॉन ट्रान्सपोर्ट चेन, पेन्टोज फॉस्फेट मार्ग, मेदाम्लांचं विघटन हे सगळं लागतं. मालिकेचा पहिलाच भाग करून परीक्षेला बसलात तर चयापचय स्वतःच शिकावं लागेल. म्हणून एक तर एका सेमिस्टरचा कोर्स घ्या, नाहीतर मालिका परीक्षेआधी पूर्ण करा. मेजर बायोकेमिस्ट्री नसेल तर मी पहिला पर्याय सुचवेन.

सिलॅबसमध्ये हे शोधा: वीसही अमिनो आम्लांची रचना, पूर्ण नाव, तीन अक्षरी आणि एक अक्षरी खूण, एन्झाइम कायनेटिक्स, म्हणजे केएम, व्हीमॅक्स आणि निरनिराळ्या इनहिबिटरने आलेखाची रेषा कशी सरकते, आणि प्रथिनं वेगळी करण्याच्या पद्धती. अमिनो आम्लं परीक्षेला पूर्ण तोंडपाठ लागतात, त्यावर तडजोड नाही.

बायोकेमिस्ट्रीच्या आधी लागणारी साखळी लांब आहे. जनरल केमिस्ट्री १, मग २, मग ऑर्गॅनिक १, आणि बऱ्याच ठिकाणी ऑर्गॅनिक २. म्हणजे पहिल्या वर्षी केमिस्ट्री सुरू केली नाही तर बायोकेमिस्ट्री चौथ्या वर्षापर्यंत हाती लागत नाही. काही कॉलेजं ऑर्गॅनिक १ झाल्यावर लगेच बायोकेमिस्ट्रीला बसू देतात. तुमच्याकडे तसं असेल तर एक सेमिस्टर वाचतं.

५. फिजिऑलॉजी, आणि तिच्या नावाचा घोळ

माझ्या मते सक्तीच्या यादीत क्वचितच असलेला पण सर्वांत जास्त परतावा देणारा कोर्स म्हणजे फिजिऑलॉजी. चेतासंस्था, अंतःस्रावी ग्रंथी, रक्ताभिसरण, श्वसन, पचन, मूत्रपिंड, प्रजनन, स्नायू, हाडं, त्वचा, प्रतिकारशक्ती असा सगळा पट एका कोर्समध्ये येतो. परीक्षा विचारते ती कार्यकारणाची साखळी. उदाहरणार्थ, एखादं औषध नेफ्रॉनमधलं सोडियमचं पुनर्शोषण अडवतं. मग लघवीचं प्रमाण वाढेल की घटेल? रक्तदाबाचं काय? आणि शरीर अल्डोस्टेरोन वाढवेल की कमी करेल? उत्तर: लघवी वाढते, रक्तदाब उतरतो, आणि तो सावरायला अल्डोस्टेरोन वाढतं. हे पाठांतराने येत नाही. सेमिस्टरभर अशा साखळ्या सोडवल्या की येतं.

कॅटलॉगमध्ये एकाच अर्थाची वाटणारी दोनतीन नावं दिसतील. "अ‍ॅनाटमी अँड फिजिऑलॉजी १ आणि २" ही जोडी बऱ्याच कॉलेजांत नर्सिंग आणि तत्सम शाखांसाठी असते. त्यात हाडांची आणि स्नायूंची नावं पाठ करण्यात बराच वेळ जातो, दोन सेमिस्टर लागतात, आणि काही विद्यापीठांत बायोलॉजी मेजरसाठी ती धरलीही जात नाही. बायोलॉजी विभागाची वरच्या पातळीवरची "ह्यूमन फिजिऑलॉजी" किंवा "ॲनिमल फिजिऑलॉजी" मिळत असेल तर ती घ्या. नुसत्या अ‍ॅनाटमीचा एमकॅटला उपयोग फार थोडा. ती मेडिकल स्कूलमध्ये शिकवतातच.

६. यापुढचे कोर्स: एक किंवा दोन, जास्त नाही

सेल बायोलॉजी आणि जेनेटिक्स हे दोन पहिल्या पसंतीचे. सेल बायोलॉजीत पेशीपटलातून होणारी वाहतूक आणि संदेशवहन खोलात येतं. जेनेटिक्समध्ये वंशावळीच्या आकृत्या, लिंकेज, हार्डी-वाइनबर्गची गणितं. मॉलिक्युलर बायोलॉजीचा चांगला कोर्स असेल तर तो या दोघांतल्या एकाची जागा घेऊ शकतो, विशेषतः त्यात पीसीआर, जेल इलेक्ट्रोफोरेसिस, वेस्टर्न ब्लॉट यांची लॅब असेल तर. उताऱ्यांमध्ये याच तंत्रांचे निष्कर्ष वाचायला देतात, आणि स्वतःच्या हाताने जेल चालवलेल्या विद्यार्थ्याला त्यातल्या पट्ट्या बघताक्षणी कळतात.

मायक्रोबायोलॉजी आणि इम्युनॉलॉजी हे सुंदर विषय आहेत. मला इम्युनॉलॉजी अतिशय आवडली. पण एमकॅटला त्यातलं लागतं ते थोडंच. आवड म्हणून घ्या, परीक्षेसाठी म्हणून नको.

एखादा छोटा सेमिनार असेल, जिथे दर आठवड्याला एक शोधनिबंध वाचून चर्चा करतात, तर तो सोडू नका. आपल्याकडे पुस्तक वाचायची सवय लागते, मूळ संशोधन वाचायची लागत नाही. निबंधातली आकृती बघून "इथे कंट्रोल कोणता, आणि या आलेखावरून नक्की काय म्हणता येतं" हे विचारायची सवय उताऱ्यांत थेट कामी येते. शिवाय शेकडो मुलांच्या वर्गात प्राध्यापक तुम्हाला ओळखत नाहीत, सेमिनारमध्ये ओळखतात. बरीच मेडिकल स्कूल्स विज्ञान शिकवणाऱ्या प्राध्यापकांची दोन शिफारसपत्रं मागतात. ती इथून मिळतात.

चौथ्या भागासाठी सायकॉलॉजी आणि सोशिऑलॉजीचे प्राथमिक कोर्स पुरतात.

७. वेळापत्रक उलटं मांडा

चौथं वर्ष संपल्यावर लगेच मेडिकल स्कूल सुरू करायचं असेल तर अर्ज तिसऱ्या वर्षाच्या शेवटी, मे-जूनमध्ये जातो. त्यासाठी एमकॅट त्याच वसंतात द्यावी लागते. निकाल यायला साधारण महिना लागतो. याचा अर्थ बायोकेमिस्ट्री आणि फिजिऑलॉजी तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या सेमिस्टरपर्यंत संपलेली हवी.

पहिल्या वर्षी बायोलॉजी १-२ आणि जनरल केमिस्ट्री १-२. दुसऱ्या वर्षी ऑर्गॅनिक १-२, जोडीला जेनेटिक्स किंवा सेल बायोलॉजी, आणि जमलं तर फिजिक्सची सुरुवात. तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या सेमिस्टरला बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी आणि उरलेलं फिजिक्स. दुसऱ्या सेमिस्टरला हलके कोर्स ठेवून परीक्षेचा अभ्यास.

हे दाटीचं वाटत असेल तर एक वर्ष मध्ये घ्या. पदवीनंतर एखादं वर्ष संशोधनात किंवा दवाखान्यात काम करून मग मेडिकलला जाणारे इथे भरपूर आहेत. आपल्याकडे "गॅप" म्हटलं की घरचे धास्तावतात. इथे त्याला कमीपणा नाही, आणि त्यामुळे बायोकेमिस्ट्री घाईत कोंबावी लागत नाही. दर सेमिस्टरला विज्ञानाचे लॅबसह दोन, फार तर तीन कोर्स. नव्या देशातलं पहिलं सेमिस्टर असेल तर दोनच.

एमकॅट एका वर्षात तीनदा, लागोपाठच्या दोन वर्षांत मिळून चारदा आणि आयुष्यात सातदाच देता येते, आणि कॉलेजांना जुने निकालही दिसतात. "बघू तरी कशी असते" म्हणून खऱ्या परीक्षेला बसू नका. त्यासाठी एएएमसीची पूर्ण लांबीची फुकट सराव परीक्षा आहे.

८. ग्रेड सांभाळा

नीटमध्ये रँक आला की झालं. इथे एमकॅटचे गुण अर्जाचा एक भाग, आणि चार वर्षांचे ग्रेड दुसरा. एमडी कॉलेजांचा सामाईक अर्ज बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित यांचा जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, वेगळा काढतो. न्यूट्रिशन किंवा पब्लिक हेल्थ असे कोर्स त्यात साधारणपणे धरले जात नाहीत.

काही सापळे इथे आहेत, त्यांना जपा:

- कोर्स पुन्हा केला तर तुमचं कॉलेज जुना ग्रेड पुसेल, पण सामाईक अर्जात दोन्ही ग्रेड मोजतात.
- हायस्कूलमध्ये असताना कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांचं, कमी फीचं स्थानिक कॉलेज) घेतलेला कोर्सही कॉलेजचाच धरतात. त्याची ट्रान्सक्रिप्ट द्यावी लागते.
- सक्तीचे कोर्स पास-फेल पद्धतीने घेऊ नका. अक्षरी ग्रेड हवा.
- ऑनलाइन लॅब आणि कम्युनिटी कॉलेजचे कोर्स काही मेडिकल स्कूल्सना चालतात, काहींना नाही. आधी एमएसएआरमध्ये बघा. पैशांसाठी कम्युनिटी कॉलेजात सुरुवात करावी लागली तर बिनधास्त करा, पण वरच्या पातळीचे कोर्स चार वर्षांच्या विद्यापीठात घ्या.
- सेमिस्टरच्या सुरुवातीच्या ॲड-ड्रॉप मुदतीत कोर्स सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर काहीच येत नाही. त्यानंतर सोडला तर "डब्ल्यू", म्हणजे कोर्स सोडल्याची नोंद, लागतो. एखादा डब्ल्यू चालतो, दर वर्षी नको. म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत सिलॅबस, परीक्षांच्या तारखा आणि पहिला गृहपाठ बघून निर्णय घ्या.

प्रत्येक कोर्सचा सिलॅबस पीडीएफ करून एका फोल्डरमध्ये ठेवत जा. अर्ज भरताना एखादं मेडिकल स्कूल विचारतं की अमुक कोर्समध्ये लॅब होती का, किंवा त्यात बायोकेमिस्ट्री किती होती. तोवर कॉलेजच्या संकेतस्थळावरून जुने सिलॅबस गेलेले असतात. तोच फोल्डर एमकॅटच्या उजळणीलाही लागतो: विषयसूचीतले जे मुद्दे कोणत्याच सिलॅबसमध्ये सापडत नाहीत, त्यांची यादी काढा आणि उजळणी त्यांच्यापासून सुरू करा.